दहा बाय बाराची खोली

माळेगाव बुद्रुकला आम्ही पहिल्यांदा गेलो ते मुलीसाठी खोली बघायला. शिवनगर विद्या प्रसारक मंडळाच्या फार्मसी कॉलेजात तिला प्रवेश मिळाला होता. बारामतीहून नीरेच्या रस्त्याला लागलं की दोन्ही अंगांना ऊसच ऊस. ही सगळी नीरा डाव्या कालव्याची करणी. 1885 साली या कालव्याला पाणी सुटलं आणि दुष्काळी माळ हिरवा झाला. ऊस आला, मग शिवनगरचा माळेगाव सहकारी साखर कारखाना, मग कॉलेजं, आणि कॉलेजांमागून भाड्याच्या खोल्या.

पहिल्या दोन ठिकाणी नाव सांगेपर्यंत खोली रिकामी होती. नाव सांगितल्यावर ती ‘कालच गेली’ होती. आम्हाला हे नवं नव्हतं, मुलीला होतं. ती एकदम गप्प झाली. तिसऱ्या दारात एक आजी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी नाव ऐकलं, मुलीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “रात्री दार आतनं लावायचं. आन् मोटर मला इचारल्याबिगर चालू करायची न्हाई.” खोली ठरली.

लांबी बारा फूट, रुंदी दहा. एका कोपऱ्यात ओटा, शेजारी मोरी, एक खिडकी. आम्ही हौसेने सामान आणलं: कॉट, कपाट, टेबल, दोन खुर्च्या, भांड्यांचं रॅक. दुपारपर्यंत सगळं बसवलं. असरची वेळ झाली आणि लक्षात आलं, की जानमाज अंथरायला जागाच उरलेली नाही. आपल्याकडून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे. नेमक्या त्याच भिंतीला आम्ही कपाट टेकवलं होतं. नमाज जिन्याच्या चौकात झाली.

संध्याकाळी दूध आणायला निघालो तर रस्त्याच्या कडेला ऊसतोड कामगारांच्या कोप्या दिसल्या. दिवाळीनंतर बीड-नगरकडून ही माणसं येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल घेऊन निघतात आणि पट्टा पडेपर्यंत कोपीतच राहतात. बांबू वाकवून वर चटया आणि ताडपत्री, झाली कोपी. आतून ती आमच्या खोलीच्या निम्मीही नसेल. एका बाईने “या की ताई, बसा” म्हणून वाकळांच्या घडीवर बसवलं. ती घडी रात्री अंथरूण आणि दिवसा पाहुण्यांची बैठक. खाली पत्र्याची पेटी. तवा, पिशव्या, आरसा सगळं बांबूला टांगलेलं, कोयता लेकराचा हात पोहोचणार नाही इतका उंच. मधली जमीन मोकळी आणि शेणाने सारवलेली.

कौतुक वाटलं, पण ते तिथेच आवरलं. ही आवड नव्हे, नाइलाज आहे. अवकाळी पाऊस आला की तीच जमीन चिखल होते. पेटीवर बसलेली आठेक वर्षांची मुलगी धाकट्याला सांभाळत होती. तिची शाळा गावाकडे सुरू होती आणि ती इथे होती. अशा मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, तरी हजेरीपटावर गैरहजर लागणारी नावं आम्ही शिक्षक दर हंगामात पाहतोच.

दुसऱ्या दिवशी आम्ही खोली पुन्हा लावली. कपाट आणि खुर्च्या टेम्पोने परत घरी गेल्या. कॉटच्या पायांखाली दोन-दोन विटा दिल्या, तेव्हा तिच्याखाली पेटी, धान्याचे डबे आणि बॅगा मावल्या. टेबलाऐवजी सुताराकडून खिडकीखाली बिजागरीची फळी बसवून घेतली. अभ्यास झाला की ती भिंतीला मिटते. भांडी ओट्यावरच्या खिळ्यांना टांगली. ओटा आणि कॉट यांच्यामध्ये तारेवर जुन्या साडीचा पडदा, तोही निम्म्यापर्यंतच, नाहीतर खिडकीचा वारा दारापर्यंत येत नाही आणि फोडणीचा वास उशीत बसतो. वुजूसाठी मोरीत एक पाट. ट्यूब ओट्यावर ठेवली, कॉटजवळ पिवळा बल्ब लावला. त्या बल्बने खोलीला घरपण आलं, एवढं खरं.

पश्चिमेची भिंत मात्र रिकामी ठेवली. मुलगी म्हणाली, “अम्मी, इतकीशी जागा, त्यातही भिंत सोडायची?” तेव्हा तिला हजरत आयशा (रजि.) यांच्या हुजऱ्याची गोष्ट सांगितली. प्रेषित (स.) रात्री नमाज पढत तेव्हा त्या समोर झोपलेल्या असत. सजद्याला जागा व्हावी म्हणून ते हलकेच स्पर्श करत, त्या पाय आखडून घेत. ते उभे राहिले की पुन्हा पसरत. घरात तेव्हा दिवाही नसे. ऐकून ती हसली आणि खाटेवरून आपले पाय वर घेतले.

निघायच्या आधी मगरिब तिथेच केली. जानमाज एकच मावते, म्हणून पाळीपाळीने. दारात आजी उभ्या होत्या, हातात ताटलीखाली झाकलेली वाटी. आमची शेवटची नमाज होईपर्यंत त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “पिठलं हाय. पोरगी खाती ना?”