रांगेत मागे कोण थांबणार?

सैन्याच्या दळणवळणाचं जाळं सांभाळणाऱ्या आम्हा मंडळींना अपटाइमच्या आकड्याचा भारी अभिमान. ९९.९९ टक्के असा अहवाल पुढे सरकवताना माझीही छाती फुगते. तो आकडा किती पोकळ आहे हे ठाऊक असूनही फुगते. वर्षाकाठी सुमारे ५३ मिनिटं बंद पडण्याची मुभा त्यात असते, पण ती मिनिटं नेमकी कुठली हे तो सांगत नाही. लढाईत सगळे एकदम बोलू लागतात आणि शत्रूही लिंक तोडायला त्याच वेळी टपलेला असतो, त्यामुळे ती मिनिटं तेव्हाच वाट्याला येण्याची भीती जास्त. त्याहून वाईट म्हणजे लिंक चालू असताना निरोप पोचला नाही, तर त्याची नोंद या आकड्यात होतच नाही.

१९६७ सालचं उदाहरण घ्या. ८ जूनला यूएसएस लिबर्टी या अमेरिकी टेहळणी जहाजावर सिनाईच्या किनाऱ्याजवळ इस्रायलनं हल्ला केला आणि ३४ जण मारले गेले. किनाऱ्यापासून शंभर सागरी मैल दूर राहा, असा आदेश वॉशिंग्टनहून त्याआधीच निघाला होता. तो वेळेत जहाजावर पोचला नाही. वाट चुकून फिलिपिन्सलाही गेला. जाळं चालू होतं, यंत्रं निरोप पुढे ढकलत होती. आजच्या डॅशबोर्डवर तो दिवस हिरवाच दिसला असता.

म्हणून माझं डोकं पुन्हा पुन्हा निरोपांच्या रांगेपाशी येऊन अडतं. ६४ किलोबिटच्या लिंकवर १५०० बाइटचं एक पॅकेट बाहेर पडायला जवळपास १८८ मिलिसेकंद लागतात. आवाजाचं पॅकेट दर २० मिलिसेकंदांनी येत असेल, तर तेवढ्यात नऊ पॅकेटं मागे तुंबतात, मग त्यांना कितीही वरचा अग्रक्रम द्या. मोठ्या पॅकेटचे तुकडे करणं हा त्यावरचा तांत्रिक उपाय, आणि तो सोपा आहे. अवघड आहे ते माणसांचं. फ्लॅश, इमिजिएट, प्रायॉरिटी, रूटीन या पायऱ्या कागदावर नीट असतात; पण धामधुमीत प्रत्येक कचेरीला आपला निरोप फ्लॅश वाटतो. सगळेच फ्लॅश झाले की कुणीच फ्लॅश उरत नाही. कुठलंही राउटर ही भांडणं सोडवत नाही. पाठवणाऱ्यानं जी खूण लावली, तीच ते सहसा निमूटपणे मानतं.

यावर विक्रेत्यांचं उत्तर ठरलेलं: बँडविड्थ वाढवा. फायबर आहे, उपग्रह आहेत, मग टंचाई कसली? टंचाई लढाई सुरू होते त्या सकाळी येते. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियानं युक्रेनवर आक्रमण केलं, त्याच दिवशी केए-सॅट उपग्रहसेवेचे हजारो मोडेम सायबर हल्ल्यात निकामी झाले. जर्मनीतल्या सुमारे ५,८०० पवनचक्क्यांचं दूरनियंत्रणही गेलं. आकाशातल्या उपग्रहाला मात्र काहीच झालेलं नव्हतं. उरलेल्या अरुंद वाटेवर ड्रोनचं चित्रण आणि जेवणाच्या रसदीचा तक्ता एकाच रांगेत उभे राहिले, तर शांततेत विकत घेतलेली रुंदी काय कामाची? दोन कंपन्यांच्या दोन लिंक घेऊन निश्चिंत होणाऱ्यांनी दोन्ही केबली एकाच चरातून जात नाहीत ना, एवढं तरी पाहावं.

म्हणून माझं म्हणणं: टंचाईत कुठले निरोप टाकून द्यायचे हे आधीच ठरवा. त्यावरचा आक्षेप मला विक्रेत्यांच्या उत्तरापेक्षा जास्त वजनदार वाटतो. काय टाकून द्यायचं हे आधी ठरवलं, तर नेमका नको तो निरोप टाकला जाईल आणि दोष आमच्या माथी येईल. खरं आहे. आधी लिहिलेला नियम कधीतरी चुकणारच. पण नियम नसला तरी निरोप टाकले जातातच. ते कुठले, हे योगायोग ठरवतो आणि जबाबदारी कुणाचीच राहत नाही. चुकलेला नियम सरावात सापडतो, दुरुस्त करता येतो. म्हणून सेनाधिकाऱ्यांना विनंती एवढीच: आमच्याकडे टक्केवारी मागू नका. निम्मी लिंक गेल्यावर तुमचा कुठला निरोप थांबला तरी चालेल, याची यादी स्वतःच्या सहीनिशी द्या. त्या यादीवाचून आमचा कुठलाही आकडा विश्वासाचा नाही.