१५ हजारांचं टूलकिट आणि ढिली मूठ

मंडळी, उन्हाळ्यात तोरणमाळला कुणा सुताराकडे गेलात तर त्याच्या जुन्या हातड्रिलची मूठ जरा हलवून बघा. बहुतेक वेळा खुळखुळतेच. साडेतीन हजार फुटांवरचं आपलं गाव. पावसाळाभर धुकं आणि ओल, लाकूड फुगतं. मार्चनंतर कोरडी हवा लागली की तेच लाकूड आकसतं. आतलं लोखंड आहे तेवढंच राहतं.

इथला नेहमीचा उपाय म्हणजे पाण्यात भिजत घालणं. कुऱ्हाडीच्या दांड्याला करतो तेच. दोन दिवस घट्ट बसते, पण फुगलेलं लाकूड आतल्या लोखंडावर दाबून चेपतं आणि वाळल्यावर मूठ आधीपेक्षा जास्त ढिली. भोकात अॅरल्डाइट ओतणारेही आहेत. पुढं कधी मूठ बदलायची वेळ आली की मग ती फोडावीच लागते.

मी मामांकडून शिकलो ते असं: मूठ काढायची, भोक साफ करायचं, सुक्या लाकडाची खुंटी सरस लावून ठोकायची, रात्रभर ठेवायची. सकाळी बरोबर मधोमध नवं भोक, लोखंडापेक्षा केसभर बारीक. थोडीच ढिली असेल तर बांबूची पातळ पाचर पुरते. शेवटी जवसाच्या तेलाचा हात, म्हणजे ओल शिरते ती हळू. मात्र फिरवायच्या दांड्यावरची मूठ अशी घट्ट करायची नाही बरं का! ती मोकळी फिरायलाच हवी, फक्त निसटू नये. तिथं नवा वॉशर घालून पिनेची मुंडी हलक्या हातानं ठोकायची.

हे सगळं पोस्टवर कशाला, असं कुणी म्हणेल. १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. १८ व्यवसाय, त्यात सुतार आहेत, टूलकिटसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत. चांगलीच गोष्ट आहे, ज्यांनी अर्ज केला नसेल त्यांनी करा. पण पावसाळ्यात पाड्यावर दोन-दोन दिवस वीज नसते, तेव्हा विजेचं ड्रिल खुंटीला आणि दाराच्या बिजागरीला भोक पाडायला आजोबांचंच हातड्रिल. त्याची मूठ हलली की भोक वाकडं, फळी वाया. सागाची फळी आज काय भावानं मिळते ते सांगायला नको.

२०२२ मध्ये केंद्रानं दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, तिच्या यादीत शेतीची औजारं, मोबाइल, गाड्या आल्या. सुताराचं ड्रिल कुणाच्या डोळ्यापुढं असणार!

म्हणून पुढच्या ग्रामसभेत एवढंच मागणार आहे: पेसाच्या निधीतून एक व्हाइस, दोन-तीन कानशी, सरस आणि एक बाक. जागा पंचायतीच्या ओट्यावर चालेल. शिकवायला मामा तयार आहेत, पैसे नकोत म्हणतात, चहा हवा. सह्या लागतील. जुनं ड्रिल भंगारात घालायच्या आधी मला फोन करा, भाऊ.