वळणदार अक्षर कुणाच्या बापाचं?

बड्या लोकांच्या लग्नपत्रिकेवरचं इंग्रजी अक्षर बघा. उजवीकडं झुकलेलं, एकमेकांचा हात धरून चाललेलं, कुठं जाड, कुठं केसाएवढं बारीक. असल्या टाइपांतला एक नामांकित टाइप म्हणजे स्नेल राउंडहँड. बघताच वाटतं, हे घरंदाजांचं. आपण लांबूनच बघायचं.

असं आपोआप वाटत नाही, ते शिकवलं जातं. थोरल्या बहिणीची पत्रिका छापायला बा गेला तेव्हा मी बरोबर होतो. वर 'नमो बुद्धाय', एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. छापखानेवाल्यानं मजकूर वाचला, बाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं अन् म्हणाला, "तुमच्यात साधा टाइप चालेल. नक्षी कशाला?" बा गिरणीत रिंग खात्यात. इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यानं नमुन्याच्या वहीत वळणदार अक्षरावर बोट ठेवलं. "पैसं पुरं घ्या, अक्षर पुरं द्या. ह्येच पायजे."

पुढं मी या अक्षराचं कूळ शोधलं. चार्ल्स स्नेल (१६६७-१७३३) हा लंडनचा लेखनमास्तर अन् हिशेबनीस. राउंडहँड हे राजवाड्यातलं अक्षर नव्हतं. पेढीवरच्या कारकुनानं पिसाच्या लेखणीनं भराभर लिहायचं अक्षर ते. लेखणी दाबली की रेघ जाड, सोडली की बारीक. १७२० साली साउथ सी कंपनीचे शेअर कोसळले, तेव्हा तिच्या एका संचालकाच्या पेढीच्या वह्या याच स्नेलनं तपासल्या. अन् या कंपनीकडं १७१३ पासून मक्ता कसला होता? आफ्रिकेतली माणसं गुलाम म्हणून स्पॅनिश अमेरिकेत पुरवायचा! इंग्रज व्यापाऱ्यांचं लिखाण याच वळणाचं. सुंदर अक्षर कुणाचीही चाकरी करतं, मित्रांनो.

१९६५ च्या सुमारास मॅथ्यू कार्टरनं त्या वळणावरून फोटो-जुळणीसाठी टाइप केला. शिशाचा प्रत्येक खिळा आपल्या चौकटीत कोंडलेला, म्हणून तिरकी अक्षरं सलग जोडणं कठीण. फोटोत चौकट गेली, अक्षरं एकमेकांना भिडली. कारकुनाचं अक्षर पत्रिकेवर चढून घरंदाज झालं.

आता दुसरा कागद बघा. संविधानाची मूळ इंग्रजी प्रत खिळे जुळवून छापलेली नाही. प्रेम बिहारी नारायण रायजादा यांनी ती इटॅलिक वळणात हातानं लिहिली. २४ जानेवारी १९५० ला तिच्यावर सह्या झाल्या. मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब. अस्पृश्यता नष्ट करणारं १७ वं कलमही त्याच देखण्या अक्षरात आहे.

आम्ही स्टेन्सिल कापायचो तेव्हा लोखंडी टाक जरा जोरात वळवला की मेणकागद फाटायचा. म्हणून आमची अक्षरं काटकोनी. त्याची लाज तेव्हा नव्हती, आजही नाही. पण काही मित्र म्हणतात, वळणदार अक्षर म्हणजे भांडवलदारी चोचले. मला पटत नाही. साधेपणा आपण निवडला तर तो आपला. दुसऱ्यानं 'तुमच्यात चालेल' म्हणून हातात ठेवला, तर ती आपल्याला दाखवलेली पायरी. काय लिहायचं ते आपण ठरवतो, तसं कसल्या अक्षरात लिहायचं तेही आपणच ठरवू.