आधी नमुना!

आपण मंडळी ट्राय केल्याशिवाय काहीच घेत नाही. जीन्स घ्यायची तर ट्रायल रूममध्ये चार जोड घेऊन शिरतो. फोन घ्यायचा तर पंचवीस रिव्ह्यू वाचतो. आइस्क्रीमच्या दुकानात चिमुकल्या चमच्याने सहा फ्लेवर चाखतो आणि शेवटी मँगोच घेतो! पण सुया हातात आल्या की याच मंडळींना कसली घाई होते कोण जाणे. लोकर आणली, टाके घातले, की लगेच स्वेटर. मधला एक टप्पा सगळे गाळतात. त्याचं नाव स्वॉच.

नाही, मनगटावरचं स्विस घड्याळ नाही हो. स्वॉच म्हणजे विणकामाचा नमुना. ज्या लोकरीने आणि ज्या सुयांवर विणायचंय, त्याच घेऊन आधी एक छोटा चौकोन विणायचा. साधारण पंधरा सेंटिमीटरचा. धुवायचा, वाळवायचा आणि मधल्या दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके बसले ते मोजायचं. कडेचे टाके ओढले जातात, ते खरं बोलत नाहीत, म्हणून मधलेच मोजायचे. बस्स. ना घालता येत, ना कुणाला गिफ्ट देता येत. दिसायला टोटल टाइमपास.

माझंही मत फार वेगळं नव्हतं. मी फ्रीलान्सर. शब्दांवर पैसे मिळतात, आणि जे छापून येत नाही त्याचे मिळत नाहीत. ट्रायलसाठी संध्याकाळ घालवायची ही कल्पनाच आमच्या धंद्यात बसत नाही. पण २०२४ च्या मार्चमध्ये आत्याने मला टोपी विणायला सांगितली, आणि पुढचे तीन आठवडे मी फक्त चौकोन विणले.

आत्याची केमो सुरू होती. केस गेले होते. स्कार्फ सारखा घसरायचा आणि बाजारातल्या टोपीची शिवण टोचायची. घरी पुण्याचा उन्हाळा, डे-केअर वॉर्डात एसीची हुडहुडी. दोन्हीकडे चालेल अशी टोपी तिला हवी होती. खरं तर आमच्या घरातली विणकामाची बॉस तीच. नात्यातल्या प्रत्येक बाळंतविड्यातलं टोपडं-मोजे तिच्याच हातचे. पण औषधांमुळे तिच्या बोटांना मुंग्या यायच्या. धागा बोटावरून सरकतोय की नाही, हेच कळायचं नाही.

"शनिवार-रविवारात देते करून," मी म्हटलं.

"आधी नमुना," आत्या म्हणाली. "आणि टोपडं नकोय हं मला. टोपी हवीय."

हात घट्ट, हात सैल

माझं विणकाम म्हणजे शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासाला विणलेला मफलर, आणि नंतर सुट्ट्यांमध्ये आत्याने शिकवलेलं. सुलट येतं, उलट येतं, बाकी यूट्यूब जिंदाबाद. इंटरनेटवर एक छान पॅटर्न मिळाला. त्यात लिहिलं होतं, ११० टाके घाला, आठ नंबरची सुई घ्या.

मी प्रिंटआउट घेऊन आत्याकडे गेले. तिने चष्मा लावला आणि पहिला प्रश्न टाकला, "कुठला आठ नंबर?"

इथेच पहिली मेख! आपल्या दुकानांत चालतो तो जुना ब्रिटिश हिशेब. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. आपली आठ नंबर चार मिलिमीटरची, दहा नंबर सव्वातीनची. अमेरिकेत सगळं उलटं. तिथे नंबर वाढला की सुई जाड होते आणि त्यांची आठ नंबर चक्क पाच मिलिमीटरची. पॅटर्न ब्रिटिश निघाला, तेव्हा एक प्रश्न सुटला. पण मग तिने दुसरा टाकला, "आणि हात कुणाचा?"

विणकामात हात घट्ट असतो नाहीतर सैल. तीच लोकर, त्याच सुया, पण दोघींचं कापड वेगळं होतं. पॅटर्नवालीचे दहा सेंटिमीटरमध्ये २२ टाके बसत होते. म्हणजे ११० टाक्यांत बरोबर ५० सेंटिमीटरची टोपी. आत्याच्या डोक्याचा घेर ५४. टोपी थोडी लहानच विणायची असते, ताणून बसते तीच टिकते. आता समजा माझे २२ च्या जागी २० टाके बसले. फक्त दोनचा फरक! पण त्याच ११० टाक्यांची टोपी ५५ सेंटिमीटरची होईल आणि आत्याच्या नाकावर येईल. २४ बसले तर जेमतेम ४६, मग ती चढायचीच नाही. एक मीटर घेराच्या स्वेटरला हाच दोन टाक्यांचा फरक दहा सेंटिमीटरला पडतो. "चुकून मोठा झाला" म्हणत दिलेले स्वेटर आठवा. चुकून बिकून काही नसतं, नमुना केलेला नसतो.

एलिझाबेथ झिमरमन (१९१०–१९९९) हे नाव विणकामाच्या जगात फार मोठं. इंग्लंडमध्ये जन्मलेली, अमेरिकेत स्थायिक झालेली ही बाई. तिने स्वेटरचं सगळं माप एका नमुन्यावरून टक्केवारीत काढायची पद्धत सोपी करून दिली. स्वॉचचा कंटाळा असेल तर स्वॉच म्हणून टोपीच विणा, असंही ती सांगायची. मी हे आत्याला ऐकवलं. ती म्हणाली, "म्हणजे जमली तर टोपी, बिघडली तर नमुना! हुशार आहे बाई. पण तू चौकोनच कर."

डोक्यावरची परीक्षा

तुळशीबागेत गेले. आपल्याकडे दुकानात सगळ्यालाच लोकर म्हणतात, मेंढीचा त्यात संबंध असो वा नसो. मी चार प्रकार घेतले. अॅक्रिलिक, मेरिनो लोकर, साधं कॉटन आणि बांबू मिसळलेलं कॉटन. सगळ्यांवरचे लॉट नंबर तपासले, कारण एकाच रंगाच्या दोन लॉटमध्ये छटा बदलते. आणि चार चौकोन विणले.

पहिलं अॅक्रिलिक. मऊ, स्वस्त, रंग झक्कास. आत्याने तो चौकोन स्कार्फखाली, कानामागे ठेवला. तासाभराने निकाल आला. "घामट." ते खरंच होतं. अॅक्रिलिक घाम फारसा शोषत नाही. शिवाय त्याला इस्त्रीचा चटका बसला तर ते मरतं. लुळं पडतं आणि पुन्हा कधी उसळी घेत नाही.

दुसरी मेरिनो. माझी फेवरिट, कारण लोकरीला अंगचा ताण असतो. ओढा, सोडा, पुन्हा जागेवर. ती आपल्या वजनाच्या जवळपास तीस टक्के ओलावा पिते आणि तरी हाताला ओली लागत नाही. पण आत्याने मानेवर ठेवून अर्ध्या तासात काढली. लोकर टोचते ती तंतूंच्या जाडीमुळे. साधारण तीस मायक्रॉनपेक्षा जाड तंतूंची टोकं त्वचेला बोचतात. आपली दख्खनी मेंढीची घोंगडी टोचते ती यामुळेच. मेरिनो त्यापेक्षा पुष्कळ बारीक. पण केमोतल्या डोक्याला मायक्रॉनचे नियम माहीत नसतात.

तिसरं कॉटन. थंड, शांत, कुठे टोचणं नाही. फक्त एक घोळ, कॉटनला उसळी नसते. ते स्वतःच्या वजनाने लोंबतं. म्हणून मी तो चौकोन धुऊन बाल्कनीतल्या दोरीवर लटकवला, खाली कपड्यांचे दोन चिमटे लावले आणि रात्रभर ठेवला. सकाळी दहाचे अकरा सेंटिमीटर! चौथा बांबूवाला तर त्याहून लोळणारा. दिसायला रेशमासारखा, पण टोपीपेक्षा ओढणीला बरा.

मग विणीचे नमुने सुरू झाले. एक ओळ सुलट, एक ओळ उलट विणली की पुढून गुळगुळीत कापड होतं, पण कडा गुंडाळल्या जातात. सगळ्या ओळी सुलट विणल्या की कापड सपाट पडतं, मात्र दोन्ही बाजूंना आडवे उंचवटे येतात. पेडाची वीण दिसते भारी, पण कापडाला आत ओढते. तेवढ्याच रुंदीला जास्त टाके लागतात. जाळीची वीण धुऊन ताणल्याशिवाय उमलत नाही. आणि एक सुलट, एक उलट अशी बॉर्डर कापडाला आवळून धरते. कॉटनला जो ताण नसतो, तो थोडासा वीण देते.

यातल्या एका चौकोनाने आमची टोपी ठरवली. आणि नुसती टोपी नाही.

आत्याकडे येणारं प्रत्येक जण काहीतरी तयार घेऊन यायचं. कुणी गव्हांकुराचा रस, कुणी पोथी, कुणी विग, कुणी "आमच्या शेजारणीचं अगदी असंच होतं बघ" ही गोष्ट. सगळं प्रेमाने. आणि सगळ्यांना आत्याचं एकच उत्तर, "बरं आहे." डॉक्टरांनाही तेच, मलाही तेच. मी विचारायचे तरी काय? "कसं वाटतंय?" एवढ्या मोठ्या प्रश्नाला "बरं आहे" याशिवाय दुसरं काय सांगणार?

पण चौकोन हा छोटा प्रश्न होता. त्या रात्री तिने कॉटनचा साधा चौकोन डोक्याखाली घेऊन झोपायचं ठरवलं. सकाळी फोन आला. "उलट बाजूचे दाणे रुततात गं. तसं नुसत्या उशीवरही दुखतंच म्हणा. टेकवलं की केसांची मुळं ठणकतात. गेले दोन महिने कुशीवरच झोपतेय."

दोन महिने! घरात कुणालाच माहीत नव्हतं. मी पुढच्या अपॉइंटमेंटला तिच्यासोबत गेले. तिने डॉक्टरांना हे स्वतः सांगितलं, अगदी चौकोनाची बाजू पालटून दाखवावी तितक्या सहज. त्यांनी ऐकून घेतलं आणि उपाय सुचवले. त्यानंतर झोप जरा बरी लागायला लागली.

टोपीचं म्हणाल तर निकाल असा लागला. कॉटन. गुळगुळीत सुलट बाजू आत, दाणे बाहेर. लोक म्हणाले, उलटी घातलीय. म्हणू देत! शिवण नकोच, म्हणून गोल सुईवर विणली. खालची बॉर्डर दहा नंबरवर, एक सुलट, एक उलट. वरचा भाग आठ नंबरवर. माझ्या धुतलेल्या नमुन्यात दहा सेंटिमीटरला २० टाके बसत होते, म्हणून ११० नाही, १०० टाके घातले. चार संध्याकाळी लागल्या. पहिल्या झटक्यात फिट्ट! एक टाका उसवावा लागला नाही.

चौकोन फेकले नाहीत. आत्याची नमुन्यांची एक जुनी वही आहे. पानापानावर चौकोन टाचलेले, शेजारी लोकर, सुई नंबर आणि टाके. माझे चौकोनही तिने त्यात लावायला सांगितले आणि शेरे स्वतः लिहिले. "घामट." "टोचते." "थंड, पण लोंबते." "दाणे बाहेर ठेवणे."

तुम्ही विणत असाल तर एवढं करा. दुकानातून आणखी एक गुंडा जास्त घ्या आणि त्याचा नमुना करा. तयार कपडा जसा धुणार आहात तसाच तो धुवा. ज्याच्यासाठी विणताय त्याच्या मानेवर ठेवा आणि थांबा. लगेच मत मागू नका. उत्तर यायला कधीकधी एक रात्र लागते.

केमो त्या जुलैत संपली. केस आले, पांढरे आणि चक्क कुरळे. आयुष्यभर सरळ केस मिरवलेल्या बाईला ही नवीच गंमत. बोटांच्या मुंग्या मात्र रेंगाळल्या. ऑगस्टमध्ये आत्याने आठ नंबरच्या सुया पुन्हा हातात घेतल्या. स्वेटर नाही, टोपडं नाही, एक चौकोन. जुन्या वहीत त्याच अॅक्रिलिकच्या, तिच्या हातच्या नमुन्याला २३ टाके होते. आता भरले १७. तिने काही न बोलता तारीख घातली आणि वहीत टाचला.

तेव्हापासून दर महिन्याला एक. तीच लोकर, त्याच सुया. सप्टेंबर १८, ऑक्टोबर १८, नोव्हेंबर १९. दिवाळीनंतर नात्यातल्या एकीने बाळंतविड्याची ऑर्डर दिली, तेव्हा आत्या म्हणाली, "२१ भरू देत, मग बघू." डिसेंबर पुन्हा १९ होता. त्या पानावर तिचा शेरा आहे, "थंडी." फेब्रुवारीच्या चौकोनाला तिने मला मोजायला बसवलं. मी पट्टी ठेवली, सुईच्या टोकाने एकेक टाका मोजला, मग खात्रीसाठी पुन्हा मोजला. २१.

"हात घट्ट होतोय," आत्या म्हणाली. "पांढरी बेबी वूल आण. आणि दोन गुंडे जास्त आण, आधी नमुना करायचाय."