सामाईक भिंत

टेंभुर्णी म्हटलं की बाहेरच्या माणसाला सोलापूर जिल्ह्यातलं महामार्गावरचं गाव आठवतं. माझी टेंभुर्णी जालना जिल्ह्यातली, जाफराबाद तालुक्यातली. जवळच मराठवाडा संपतो आणि बुलढाण्याची हद्द लागते, म्हणून आमच्या बोलण्यात वऱ्हाडी हेल सहज मिसळतो. १ मे १९८१ रोजी जालना वेगळा जिल्हा झाला. त्याआधी आम्ही औरंगाबाद जिल्ह्यात होतो, आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. आजोबांच्या लाल कापडी पुठ्ठ्याच्या चोपड्यांत निजामाच्या हाली शिक्क्यातले हिशेब होते. त्या चोपड्या आमच्या पेठेतल्या घराच्या फडताळात असत. आता फडताळ नाही आणि ते ज्या भिंतीत होतं ती भिंतही नाही.

ते घर माळवदाचं होतं. माळवद कसं असतं हे सांगायला हवं, कारण ते आतून पाहिलेली माणसं आता कमी होत चालली आहेत. लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, त्यावर फळकुटं दाटीनं रचलेली. मग निंबाचा पाला, चिखलाचा थर आणि सगळ्यांत वर हातभर खारी माती. पाऊस पडला की ही माती वरच्यावर भिजते, घट्ट बसते आणि पाणी खाली उतरू देत नाही. पण तिला दरवर्षी हात लागावा लागतो. मृगाच्या आधी उगवलेलं गवत उपटायचं, उंदरांनी केलेली बिळं बुजवायची, नवी माती टाकायची, पाणी शिंपडून ती चोपायची आणि पन्हाळीकडं उतार काढून द्यायचा. एवढं केलं तर माळवद शंभर वर्षं उभं राहतं. दोन वर्षं हात लागला नाही की ते गळायला लागतं.

आजी चोपणं घेऊन माळवदावर बसलेली मला लख्ख आठवते. पदर खोचलेला, कपाळावर माती, आणि चोपण्याचा एका लयीतला आवाज. आमचं झालं की ती तशीच पुढं सरकून शेजारच्यांच्या माळवदावर बसायची. तिला कुणी बोलावलेलं नसायचं. गल्लीतली सगळी माळवदं एकमेकांना लागून होती. आम्ही पोरं गल्लीच्या एका टोकाला शिडीनं चढायचो आणि जमिनीला पाय न लावता दुसऱ्या टोकाला उतरायचो. आमच्या माळवदावरचं थोडं पाणी शेजारच्या कासारांच्या पन्हाळीतून जायचं, कासारांचं त्यांच्या पुढच्या घरावरून. "आपलं एकट्याचं माळवद चोपून काय उपेग? पानी काय घर इचारून येतं का?" आजी म्हणायची.

आमची आणि कासारांची भिंत सामाईक होती. तीन हात रुंद, खाली दगड, वर पांढरी माती. तिच्यात चुलीच्या उंचीवर एक आरपार कोनाडा होता. त्यातून विस्तव जायचा, विरजण जायचं, वाटीभर कालवण यायचं, आणि दोन बायकांचं बोलणं तर दिवसभर चालू असायचं. कासारकाकू बांगड्या भरायला बसायच्या त्या त्यांच्या ओट्यावर, पण गिऱ्हाईक बाई अवघडलेली असली की तिला आमच्या ओसरीत आणून बसवायच्या, कारण आमच्याकडं सावली जास्त. दुकान कुठं संपलं आणि घर कुठं सुरू झालं, हे त्या पेठेत सांगता यायचं नाही. पुढं दुकान, मागं घर, त्यामागं न्हाणी आणि परसात आड. दुकानदार जेवायला उठला की गल्ल्यावर त्याची बायको नाहीतर लेक बसायची. दुपारी शाळेतून आलेलं पोरगं पोत्यावर बसून पाढे म्हणायचं आणि म्हणता म्हणता गूळ मोजून द्यायचं. बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतून बायका मिरच्या, अंडी, शेंगा घेऊन यायच्या. विकून झालं की त्याच पैशांनी मीठ, तेल, पोराला चड्डीचं कापड घेऊन दिवस मावळायच्या आत परतायच्या. त्यांच्यासाठी प्रत्येक ओट्यावर पाण्याचा माठ असे.

अशी पेठ एका कारणानं मोडत नाही. १९७२ चा दुष्काळ हा पहिला घाव. दुकानदारांची गिऱ्हाइकं खडी फोडायला गेली आणि सुकडीवर दिवस काढू लागली. उधारी बुडाली. त्याच सुमारास राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना आली. शेतकऱ्यासाठी ती हवी होती, मी तिला नावं ठेवणार नाही. पण गावोगावचा कापूस खरेदी केंद्राकडं वळला आणि कापसाच्या पैशावर पेठेत जी उलाढाल व्हायची ती आटली. पुढं रस्ते झाले, एसटी वाढली, मग दारोदार मोटारसायकल आली. लग्नाचा बस्ता जालन्यात निघू लागला. दुकानं गल्ली सोडून रस्त्याला गेली, कारण गिऱ्हाईक रस्त्यावरून जात होतं. हे होणारच होतं. मला दुःख दुकानं गेल्याचं कमी आहे. त्यांच्यामागून घरं गेली, त्याचं जास्त आहे.

कासारकाकूंची मुलं आधी जालन्याला गेली, मग एक पुण्याला. काकू काही वर्षं एकट्या राहिल्या आणि शेवटी त्याही मुलाकडं गेल्या. जाताना किल्ली आजीकडं ठेवून गेल्या. आजीचे हातपाय चालत होते तोवर तिनं दोन्ही माळवदं सांभाळली. मग तिच्यानं शिडी चढवेना. माती टाकायला माणूस लावावा तर कासारांच्या घरावर कुणाच्या परवानगीनं चढायचं, हा प्रश्न आला. काकू तोवर वारल्या होत्या. मुलगे, मुली, आणि वारलेल्या एका मुलाची मुलं मिळून घरावर बरीच नावं लागली होती. सगळी भली माणसं. फोन केला की प्रत्येकजण म्हणायचा, माझी काही हरकत नाही, फक्त बाकीच्यांना विचारा. त्या विचारण्यात पावसाळे गेले. त्यांच्या माळवदावर गवत वाढलं, मग पिंपळ रुजला, आणि पाणी त्या सामाईक भिंतीत उतरलं. आमच्या बाजूनं भिंत कोरडी दिसायची, पण तिच्यावर हात ठेवला की गार लागायची. आजी रोज ठेवायची. आजी गेली त्याच्या पुढच्या श्रावणात, झडीच्या तिसऱ्या रात्री, ती भिंत बसली. कोनाडा कासारांच्या बाजूला पडला आणि फडताळ आमच्या.

आमच्याही घरावर तोवर चुलत्यांची, आत्यांची नावं लागली होती. त्यामुळं पडलेली भिंत उचलायलाही कुणी एकटा समर्थ नव्हता. खांब विकले गेले. सागवानाला अजून भाव आहे.

मराठवाड्यातल्या कुठल्याही जुन्या गावठाणात जा, हेच दिसेल. कुलूप लागलेलं एक घर दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना घेऊन पडतं. पडलं की तिथं उकिरडा होतो, मग तिसरं बिऱ्हाड हलतं. ज्याला शक्य आहे तो जुनं पाडून घरकुल बांधतो. प्रधानमंत्री आवास योजनेत त्याला १ लाख २० हजार रुपये मिळतात, तो का सोडेल? मलाही वाटत नाही की त्यानं गळक्या माळवदाखाली राहावं. वाईट याचं वाटतं की त्या जुन्या घराच्या दुरुस्तीला असाच आधार मिळाला असता तर त्यातल्या निम्म्या लोकांनी ते पाडलं नसतं. आणि जिथं जुन्या पेठेसाठी पैसा येतो तिथं तो बहुधा कमानीवर आणि पेव्हर ब्लॉकवर जातो. गल्ली चकचकीत होते आणि तिच्या दोन्ही बाजूंना कुलपं तशीच राहतात. पेठ माणसांनी बनते. आधी बिऱ्हाडं, मग फरशी, हा क्रम आहे.

चांगल्या कामाचा खर्च लोकांनी मिळून उचलणं आमच्या भागाला नवं नाही, याचा मला अभिमान वाटतो. शेजारच्या तालुक्यातलं भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तिथं १९७३ मध्ये उत्खनन झालं. तिथं मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पाँपेईत सापडलेल्या मूर्तीशी मिळतीजुळती आहे, इतक्या लांबच्या व्यापाराशी या बाजारपेठेचा धागा जुळतो. पण मला त्याहून मोठी वाटते ती सांचीची गोष्ट. सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांचे लेख कोरलेले आहेत आणि त्यांत भोगवर्धनाचे रहिवासी आहेत. राजाच्या खजिन्याबरोबर अशा कितीतरी साध्या माणसांच्या, भिक्षुणींच्या, घरच्या बायकांच्या दानातून तिथले दगड बसले. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या गावापासून शेकडो कोस दूर असलेल्या वास्तूच्या दगडावर आपलं गाव लिहवून घेणारी माणसं याच मातीतली होती.

अलीकडचंही उदाहरण आहे. जालना शहराला पाणी देणारा घाणेवाडीचा तलाव गाळानं भरला होता. निजामाच्या काळातला तो तलाव. शहरातले व्यापारी, उद्योजक, नोकरदार एकत्र आले, घाणेवाडी जलसंरक्षण मंच उभा राहिला, लोकवर्गणी झाली आणि गाळ निघू लागला. तो गाळ शेतकऱ्यांनी आपल्या वाहनांनी शेतात नेला. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याची काय अवस्था होती ती आम्ही पाहिली आहे. जी माणसं तलावाच्या गाळासाठी खिशात हात घालतात ती माळवदाच्या मातीसाठी घालणार नाहीत, असं मी मानत नाही.

जुन्या घरांसाठी असं एकत्र येणं दुसरीकडं घडलंही आहे. जपानमध्ये किसो खोऱ्यात त्सुमागो नावाचं एक लहान गाव आहे. एडो, म्हणजे आजचं टोकियो, आणि क्योतो यांना जोडणाऱ्या जुन्या डोंगरवाटेवरचा तो मुक्कामाचा टप्पा. रेल्वे दुसरीकडून गेली आणि गाव ओस पडत चाललं. आमच्या भागानंही हे दुःख पाहिलं आहे. जालना ते खामगाव रेल्वेची मागणी करण्यात इथल्या कितीतरी पिढ्या गेल्या. १९६८ मध्ये त्सुमागोत जुनी लाकडी घरं दुरुस्त करायला सुरुवात झाली आणि १९७१ मध्ये रहिवाशांनी एकत्र बसून आपल्यासाठी नियम केला: घर विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, पाडायचं नाही. दिवसा मुख्य गल्लीत मोटारी येऊ द्यायच्या नाहीत, हेही त्यांनीच ठरवलं. आज लोक लांबून ते गाव पाहायला येतात. आम्हाला पर्यटक नकोत. कासारांच्या ओट्यावर संध्याकाळी कुणीतरी दिवा लावावा, एवढंच हवं आहे.

आमच्याकडं ते का होऊ नये? नाव कुणाचं, हा गुंता सोडवायला आता थोडी मदत आहे. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणांची मोजणी होते आणि घरांचं मालमत्ता पत्रक निघतं. पण पत्रकावर नावं लागली म्हणजे माणसं एकत्र आली असं होत नाही. ग्रामसभेत बसण्याचा अधिकार गावच्या मतदारयादीतल्यांना आहे. पुण्यात, संभाजीनगरात, मुंबईत राहणाऱ्या वारसांना नाही. म्हणजे ज्यांच्या संमतीवाचून घर उभं राहणार नाही तेच बैठकीला नसतात. त्यांना गोळा करायचं तर त्यांच्या दिवशी गोळा केलं पाहिजे.

तो दिवस आमच्याकडं आहे. वाटण्या झाल्या, बोलणं तुटलं, तरी महालक्ष्म्या थोरल्या घरीच बसतात. भाद्रपदातल्या त्या तीन दिवसांत, शहरातून रजा टाकून, सुना, नातवंडं, कधी न आलेले जावईसुद्धा येतात. सोळा भाज्या, आंबील, पुरणाचं ताट, आणि मुखवट्यांना नवी नथ. गल्लीतली सगळी वारस मंडळी वर्षातून एकदाच, त्याच वेळी, एका हाकेच्या अंतरावर असतात. आणि पावसाळा अजून सरलेला नसल्यानं कुणाचं माळवद कुठं गळतंय तेही डोळ्यांसमोर असतं.

टेंभुर्णीच्या नि आसपासच्या गावांच्या पेठांतून बाहेर पडलेल्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे. ग्रामपंचायतीतल्या तुमच्या घराच्या नोंदीवर, नमुना आठवर, अजून तुमचं नाव आहे. यंदा महालक्ष्म्यांना याल तेव्हा जेवणं उरकल्यावर भावंडांनी, चुलत्यांनी, आत्यांनी बसून एक साधा कागद लिहा: आमच्या माळवदाला माती टाकायला, भिंत सावरायला आणि दार उघडून झाडलोट करायला शेजाऱ्याला आमची संमती आहे, आणि खर्चात आमचा वाटा अमुक. सगळ्यांच्या सह्या घ्या. बहिणींच्याही घ्या, त्यांचाही हक्क आहे. एक प्रत शेजाऱ्याकडं ठेवा, एक ग्रामपंचायतीत द्या. घर कुणाला राहायला द्यायचं, तिथं वाचनालय करायचं की शिवणाचं यंत्र घेऊन बसणाऱ्या बाईला ओटा द्यायचा, हे पुढच्या वर्षी ठरवा. पण पुढच्या मृगाच्या आधी माती पडली पाहिजे.