पाणी दिसतं ती जागा

नदीकाठची लहान गावं पायी हिंडून बघण्याची युरोपात जुनी हौस आहे. स्कॉटलंडमध्ये टे नदीच्या काठी ॲबरफेल्डी म्हणून गाव आहे. जनरल वेडने १७३३ साली बांधायला घेतलेला तिथला दगडी पूल बघायला लोक लांबून येतात आणि मग काठाकाठाने चालत राहतात. टे बारमाही आहे. ब्रिटनमधल्या कुठल्याच नदीतून तिच्याएवढं पाणी वाहत नाही. त्यामुळे तिथे पुलावर उभं राहिलं की गाव बघून झाल्यासारखं वाटत असणार.

आमच्या बोरीला पुलावर उभं राहून भागत नाही. जिंतूर-परभणी रस्त्यावरचं हे गाव करपरा नदीचं. श्रावण-भाद्रपदात एखाद्या रात्री वर जोराचा पाऊस होतो आणि सकाळी करपरा रस्ता अडवून बसलेली असते. शाळेची पोरं, दुधाची कॅन, तालुक्याला निघालेली माणसं, सगळी अलीकडेच खोळंबतात. हेच पाणी पुढे पूर्णेतून गोदावरीला जातं. होळीनंतर मात्र त्याच पात्रात गुरं फिरत असतात. वर्षातले मोजके महिने वाहणाऱ्या नदीच्या काठी लोक शेकडो वर्षं राहिले, ते कशाच्या भरवशावर? बोरीच्या आसपास हिंडताना हा प्रश्न मनात ठेवला, तर हा मुलूख बघण्यासारखा आहे हे पटतं. इथलं खरं प्रेक्षणीय बहुतेक जमिनीखाली आहे.

जिंतूरजवळची नेमगिरीची जैन लेणी प्रसिद्ध आहेत, तिथे यात्रेकरू येतातच. जिंतूर तालुक्यातलंच चारठाणा त्या मानाने दुर्लक्षित राहिलं. यादवकाळाच्या खुणा तिथे गावभर विखुरल्या आहेत. गोकुळेश्वराचं मंदिर आहे, उंच कोरीव स्तंभ आहे, बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर आहे. घरांच्या भिंतींना लागून कोरीव दगड दिसतात आणि माणसं त्यांना टेकून गप्पा मारत असतात. ही सलगी मला आवडते. पण एकच जागा बघायला वेळ असेल, तर मी सेलू तालुक्यातल्या वालूरची बारव सांगेन.

चौकोनी बारवा मराठवाड्यात पुष्कळ आहेत. वालूरची गोल आहे, आणि तिच्या पायऱ्या सरळ खाली न जाता कडेकडेने वळत उतरतात. पहिल्या काही पायऱ्यांपर्यंत गावातले आवाज कानावर असतात. मग वळण लागतं, उन्हाची तिरीप समोरच्या कडेला जाते आणि आपण सावलीत येतो. दगडावर हात ठेवला की गारवा जाणवतो. पाऊल जपून टाकावं लागतं म्हणून नजर आपोआप खाली राहते. मान वर केली की आभाळाची एक गोल चकती तेवढी उरलेली असते. हे सगळं ज्याने आखलं त्याच्या डोळ्यांसमोर रिकामा हंडा घेऊन उतरणारी आणि भरलेला हंडा घेऊन चढणारी बाई असणार, असं मला दर वेळी वाटतं.

बारवेची रचना समजून घेतली की तिच्याबद्दलचा आदर वाढतो. पावसाळ्यात जमिनीत मुरलेलं पाणी मुरमातून, खडकाच्या भेगांतून आत झिरपतं आणि बारव वरपर्यंत भरते. तेव्हा दोन-चार पायऱ्या उतरल्या तरी पाणी हाताला लागतं. उन्हाळा चढत जातो तशी एकेक पायरी उघडी पडते. किती पायऱ्या कोरड्या झाल्या हे पाणी भरायला येणाऱ्या प्रत्येकाला दिसतं. माघात इतकं उतरलं तर वैशाखात काय होणार, याचा अंदाज गावातल्या लहान पोरालाही यायचा. पाण्याचा हिशेब सगळ्यांसमोर उघडा होता. पण बारवेत उतरायचा हक्क सगळ्यांना नव्हता. गावातल्या किती जणांना काठावर उभं राहून कुणी ओंजळीत पाणी ओतेल याची वाट बघावी लागली, हेही त्याच पायऱ्यांवर उभं राहून आठवायला हवं.

१९७२ च्या दुष्काळानंतर खडक फोडणारी यंत्रं गावोगाव आली. हापसे बसले, मग शेताशेतात बोअर झाले. हंड्याच्या खेपा कमी झाल्या, अनेकांचा पाण्यासाठीचा अपमान टळला, ही फार मोठी गोष्ट झाली. फक्त पाणी नजरेआड गेलं. बोअरमध्ये किती उरलंय हे मालकालाही कळत नाही. मोटार नुसती हवा ओढायला लागते तेव्हा कळतं. बारवांत मग गाळ साठला, कचरा पडला, काटेरी झुडपं माजली. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पूर्णेवर आमच्या जिंतूर तालुक्यात येलदरीचं धरण आहे, १९६८ साली पूर्ण झालेलं. त्याच्या भिंतीवरून एवढा अफाट जलाशय पाहिला की छाती भरून येते, तरी असल्या सालांत त्याचाही तळ दिसतो.

अलीकडच्या काही वर्षांत लोक पुन्हा बारवांकडे वळले. रोहन काळे यांची महाराष्ट्र बारव मोहीम, परभणीचं जिल्हा प्रशासन आणि गावकरी यांनी मिळून या जिल्ह्यातल्या बारवांतला गाळ उपसला. महाशिवरात्रीला आता बारवांच्या पायऱ्यांवर पणत्या लागतात. २०२२ साली टपाल खात्याने महाराष्ट्रातल्या बारवांची चित्रकार्डं काढली, त्यांत वालूर आणि चारठाणा दोन्ही आहेत. मला याचा मनापासून अभिमान वाटतो.

तरी पाहुण्यांना माझं सांगणं असतं की पणत्या बघून झाल्यावर मे महिन्यात परत या. दुपारी न येता सकाळी लवकर या, बोरीला चहा घ्या आणि करपरेच्या कोरड्या पात्रात थोडं चाला. मग वालूरला जाऊन पाणी लागेपर्यंत पायऱ्या मोजत उतरा. आकडा लिहून ठेवा. पाऊस संपल्यावर, कोजागिरीच्या सुमाराला पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे गावातल्या शाळेत नेऊन द्या. तिथली पोरं पुढचे आकडे भरतील.