तारनाका : रेषा आणि राखणदार

बाहेरगावचा पाहुणा आला की आम्ही हैदराबादची मराठी मंडळी त्याला चारमिनार, सालारजंग संग्रहालय, गोवळकोंडा अशा ठरलेल्या क्रमाने हिंडवितो. तारनाक्याचे नाव त्या यादीत कधीच नसते. पाहण्याजोगे तेथे आहे तरी काय? सिकंदराबादहून उप्पलकडे जाणारा गजबजलेला रस्ता, 2017 च्या नोव्हेंबरपासून त्याच्या डोक्यावरून धावणारी मेट्रो, परिवहन महामंडळाचे रुग्णालय, एका अंगास लालागुड्याची रेल्वेवस्ती आणि दुसऱ्या अंगास उस्मानिया विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर. येथे माणसे उतरतात, गाडी बदलतात आणि पुढे जातात.

आम्हांला मात्र या जागेच्या नावाचेच प्रथमपासून कुतूहल. निजामाच्या काळी या भागात फळबागा होत्या, त्यांना काटेरी तारेचे कुंपण घातलेले होते आणि कुंपणापाशी पहाऱ्याची चौकी होती. तार आणि नाका मिळून तारनाका झाला, असे जुने लोक सांगतात. बागा गेल्या, तार गेली, पहारेकरीही गेला. नाव तेवढे राहिले. आत काय आणि बाहेर काय हे ठरविणारी रेषा, आणि त्या रेषेवर नजर ठेवणारा एक माणूस, एवढीच त्या नावाची कहाणी.

येथून विद्यापीठात शिरले की शहराचा गलका मागे पडतो. 1939 साली उद्‌घाटन झालेल्या आर्ट्स कॉलेजच्या भव्य दगडी इमारतीशी मराठी माणसाचे जुने नाते आहे. मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या काळी उच्च शिक्षणासाठी तिकडची मुले येथेच येत आणि 1948 पर्यंत सारे विषय उर्दूतून शिकत. डॉ. ना. गो. नांदापूरकरांसारखे व्यासंगी प्राध्यापक याच विद्यापीठात मराठी शिकवीत. पण आज आम्हांला लिहावयाचे आहे ते ग्रंथांविषयी नव्हे, चेंडूविषयी.

सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी या भागातील कोणत्याही मोकळ्या जागेवर पाहावे. दोन विटा म्हणजे गोल, चपलेने ओढलेली रेघ म्हणजे सीमा. अशाच एका खेळापाशी आम्ही थोडा वेळ थबकलो होतो. चेंडू विटेवरून गेला की आतून गेला यावर तंटा पेटला. एका मुलाने दोन्ही हातांच्या बोटांनी हवेत चौकोन काढला; दूरचित्रवाणीवरील पंच पुनर्दर्शनासाठी जी खूण करतात, अगदी तीच. दुसरा लगेच म्हणाला, "कॅमेरा किधर है रे?" सगळे हसले. शेवटी झाडाखाली बसलेल्या एका थोराड मुलाकडे सर्वांनी पाहिले. त्याने मान हलविली, "नै हुआ", आणि खेळ पुढे सुरू झाला.

त्या मुलाच्या प्रश्नाने आम्हांला विचारात टाकले. कॅमेरा कोठे आहे? आणि तो कोणासाठी आहे?

फुटबॉलच्या बाबतीत हा प्रश्न विचारण्याचा हैदराबादला थोडा अधिकच हक्क आहे. हैदराबाद सिटी पोलीस संघाने 1950 ते 1954 अशी लागोपाठ पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला होता. त्या संघाला घडविणारे सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शिक्षक आणि उस्मानियाच्या संघातून खेळलेले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने 1951 आणि 1962 च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळविले आणि 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान. 2024 साली त्यांच्यावर 'मैदान' हा हिंदी चित्रपट आला, तेव्हा कोठे नव्या पिढीला त्यांचे नाव कळले. त्यांचे पुत्र सय्यद शाहिद हकीम 1960 च्या रोम ऑलिंपिकसाठी गेलेल्या भारतीय संघात होते. पुढे ते आंतरराष्ट्रीय पंच झाले आणि 1988 साली कतारमध्ये भरलेल्या आशिया चषकातही त्यांनी पंचाचे काम केले. हकीमसाहेब 2021 साली निवर्तले. त्यांच्या काळी पंचाजवळ एक शिट्टी, दोन रेषापंच आणि स्वतःचे दोन डोळे एवढीच सामग्री असे.

डोळे चुकत नसत असे नाही. 1986 च्या विश्वचषकात माराडोनाने हाताने चेंडू गोलात ढकलला. जगाने तो हात पाहिला, पंचाला तो दिसला नाही. 2010 साली इंग्लंडच्या लॅम्पार्डने जर्मनीविरुद्ध मारलेला चेंडू गोलरेषेच्या चांगलाच आत पडून बाहेर आला, तरी गोल मिळाला नाही. ही दुसरी गोष्ट फुटबॉलच्या कारभाऱ्यांना फार झोंबली. 2012 साली गोलरेषेवरील यंत्राला मान्यता मिळाली, 2014 च्या विश्वचषकात ते वापरले गेले, आणि 2018 च्या विश्वचषकात व्हिडिओ सहायक पंच प्रथमच आला. क्रिकेटने हे पाऊल कितीतरी आधी टाकले होते. 1992 च्या नोव्हेंबरात डर्बनच्या कसोटीत दूरचित्रवाणीवरील पुनर्दर्शन पाहून ज्या पहिल्या फलंदाजाला धावबाद ठरविले गेले, तो आपला सचिन तेंडुलकर होता.

फुटबॉलमधील या व्यवस्थेचे काम थोडक्यात सांगावयाचे तर असे : पडद्यांसमोर बसलेले सहायक पंच प्रत्येक प्रसंग निरनिराळ्या कोनांतून तपासतात. पण त्यांना तोंड घालता येते ते मोजक्याच बाबतींत, उदाहरणार्थ : गोल झाला की नाही, पेनल्टी द्यावी की नाही, थेट लाल कार्ड योग्य की नाही, आणि शिक्षा भलत्याच खेळाडूला तर झाली नाही ना. तेथेही चूक ढळढळीत असावी लागते. शेवटचा शब्द मैदानावरील पंचाचाच. हवे तर तो मैदानाच्या कडेला ठेवलेल्या पडद्यावर जाऊन स्वतः पाहतो. कतारमधील 2022 च्या विश्वचषकात तर ऑफसाइड ठरविण्यासाठी छताखाली बारा कॅमेरे होते, ते प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरील एकोणतीस बिंदू टिपत आणि चेंडूच्या पोटातील संवेदक सेकंदाला पाचशे वेळा आपला ठावठिकाणा कळवीत असे. खेळाडूचा खांदा बोटभर पुढे असला तरी तो सुटत नसे.

आता त्याच कतारमधली, दीड वर्षानंतरची गोष्ट. 11 जून 2024, दोहा. पुढील विश्वचषकाच्या पात्रता फेरीत भारत कतारशी खेळत होता. जिंकल्यास भारत प्रथमच तिसऱ्या फेरीत पोहोचणार होता. छांगटेच्या गोलामुळे भारत पुढे होता. त्र्याहत्तराव्या मिनिटाला गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधूने एक चेंडू अडविला आणि तो अंतिम रेषेपलीकडे गेला. रेषेबाहेर गेलेला चेंडू मेलेला, हे तारनाक्याच्या मुलांनाही ठाऊक असते. परंतु कतारच्या एका खेळाडूने तो पायाने मागे ओढला, दुसऱ्याने गोलात मारला, आणि पंचाने गोल दिला. भारतीय खेळाडू हातवारे करून सांगत राहिले. घरोघरी बसलेल्या प्रेक्षकांनी पुनर्दर्शन पाहिले. रेषा आणि चेंडू यांच्यामधली हिरवळ स्पष्ट दिसत होती. पण त्या फेरीत व्हिडिओ सहायक पंचाची सोयच नव्हती. मैदानावरचा कॅमेरा साऱ्या जगाला दाखवीत होता ते एका पंचालाच पाहण्याची परवानगी नव्हती. थोड्या वेळाने कतारने दुसरा गोल केला, भारत 2-1 ने हरला आणि स्पर्धेबाहेर पडला. महासंघाने तक्रार केली, चौकशी मागितली; निकाल होता तसाच राहिला. योगायोग असा की रहीमसाहेबांचा स्मृतिदिनही 11 जूनच. 1963 साली त्याच दिवशी ते वारले होते.

येथे कोणी म्हणेल, यंत्र आणले की प्रश्न मिटला. तसे आम्हांला वाटत नाही. मार्च 2023 मध्ये बेंगळुरूला इंडियन सुपर लीगच्या बाद फेरीत सुनील छेत्रीने केरळची भिंत उभी राहण्यापूर्वीच फ्री किक मारून गोल केला. केरळचा संघ रागावून मैदान सोडून गेला आणि पुढे त्याला चार कोटी रुपये दंड झाला. तेथे चेंडू कोठे गेला याविषयी वाद नव्हताच. पंचाने एवढ्या त्वरेने मारू द्यावयास हवे होते का, हा वाद होता. असल्या प्रश्नाचे उत्तर चित्रफितीत सापडत नाही, ते पंचाच्या विवेकातच शोधावे लागते. शिवाय गोल झाल्याबरोबर उसळणारा आनंद आता पडद्याकडे पाहत ताटकळतो, ही खंतही खोटी नाही. त्र्याहत्तराव्या मिनिटाच्या दोह्याला मात्र विवेकाची गरज नव्हती. चेंडू आत की बाहेर, एवढेच पाहावयाचे होते, आणि ते पाहण्यासाठी लागणारे साधन जवळच होते.

आमच्या मते खरी खोच येथे आहे. रेषेचा नियम विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जो, तोच पात्रता फेरीत आणि तोच विटांच्या गोलापुढे. राखणदार मात्र सर्वत्र सारखा नाही. जे शिखरावर पोहोचले आहेत त्यांच्या खांद्याचे बोटभर अंतर मोजण्यास बारा कॅमेरे. जे चढण चढत आहेत त्यांच्यासाठी एक साधा पडदाही नाही. वास्तविक चढणीवरच्याला चुकीची किंमत अधिक पडते. मोठ्या संघाला चार वर्षांनी पुन्हा संधी येते. भारतासारख्या संघाची अशी संध्याकाळ एका पिढीत एकदा येते. खर्चाची सबब आम्ही समजू शकतो. प्रत्येक सामन्याला सर्व यंत्रसामग्री परवडणार नाही, हे खरे. परंतु जो सामना दूरचित्रवाणीवर दाखविला जातो, तेथे चित्रे असतातच. ती पाहण्याचा अधिकार पंचाला देणे ही पैशाइतकीच इच्छेचीही बाब आहे.

हैदराबादने देशाला खेळाडू दिले, गुरू दिला, पंचही दिला. हे वैभव ओसरले याचे दुःख येथल्या जुन्या रसिकांकडून आम्ही पुष्कळदा ऐकले आहे. पण तारनाक्याच्या आसपास अजूनही मुले विटा मांडतात, आणि त्यांतला एखादा उद्या देशाच्या संघात जाणारच नाही असे कोण म्हणेल? तो जेव्हा एखाद्या दूरच्या मैदानावर पंचाकडे धावत जाऊन सांगेल की चेंडू बाहेर गेला होता, तेव्हा त्या पंचाला वळून पाहता आले पाहिजे. एवढे झाले तरी रेषा आखल्याचे सार्थक होईल.